घरच्या इन्व्हर्टरसाठी ट्यूब्युलर की लिथियम? पहिल्या जोडणीच्या दृष्टीने तुलना

बॅटरी निवडताना बहुतेक चर्चा किंमत आणि वॉरंटी यांभोवती फिरते. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : यांपैकी कोणती बॅटरी आपल्या घरात, आपल्या जुन्या वायरिंगवर आणि आपल्या वायरमनच्या हातून पहिल्या दिवशी सुरक्षितपणे सुरू होईल?

क्षमतेत दोन्ही वाटतात त्यापेक्षा जवळ आहेत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर (म्हणजे शिसे आणि ॲसिडच्या, पाणी घालाव्या लागणाऱ्या) बॅटरीत सुमारे १.८ युनिट वीज साठते. परंतु ती दीर्घकाळ टिकावी असे वाटत असेल, तर निम्मीच वापरणे शहाणपणाचे. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १.२८ युनिट साठते आणि त्यातील ८० ते ९० टक्के निर्धास्तपणे वापरता येते. म्हणजे आकड्यात लहान दिसणारी लिथियम बॅटरी पंखे आणि दिवे किंचित अधिक वेळच चालवते.

ट्यूब्युलरच्या बाबतीत खरा प्रश्न जागेचा आहे. चार्जिंग होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले, की एका ठिणगीनेही तो पेट घेऊ शकतो. जुन्या पेठांतील घरांत जिन्याखालची बंद खोपी किंवा देवघराशेजारचा कोनाडा सोयीचा वाटतो. पण जिथे समई तेवते किंवा हवा खेळत नाही, तिथे ही बॅटरी ठेवू नये. पहिल्या दिवशी बॅटरीच्या प्रत्येक कप्प्यातील पाण्याची पातळी पाहावी, कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, ॲसिड कधीही घालू नये. हाताळताना सुरक्षा चष्मा आणि रबरी हातमोजे असावेत. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

लिथियममध्ये पाण्याची आणि नेहमीच्या चार्जिंगमधील वायूची ही काळजी नाही; तिची अडचण इन्व्हर्टरशी जुळण्याची आहे. चार सेलच्या या बॅटरीला १४.६ व्होल्टपेक्षा जास्त दाब चालत नाही, त्यामुळे इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. नसेल, तर जुन्याच इन्व्हर्टरवर ती जोडून देण्याचा आग्रह दुकानदाराने धरला तरी मानू नये. नव्या बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर कधी कधी शून्य दाखवतो, कारण आतील संरक्षक सर्किटने, म्हणजे बीएमएसने, ती झोपवलेली असते. उत्पादकाने सांगितलेल्या बटणाने किंवा चार्जरने ती जागी करावी लागते.

जोडणीचा क्रम दोघींसाठी सारखाच आहे. इन्व्हर्टर बंद, त्याचा मेन्सचा प्लग काढलेला, हातातील अंगठी व कडे उतरवलेले. मग आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह. बॅटरीजवळ पॉझिटिव्ह वायरवर योग्य क्षमतेचा डीसी फ्यूज हवाच, कारण १२ व्होल्टने झटका बसत नसला, तरी फ्यूजच्या पुढे दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्या तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहून धातू वितळू शकतो. शेवटची वायर टेकताना बारीक ठिणगी उडते, ती इन्व्हर्टरमधील कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा भाग, भरल्यामुळे. ट्यूब्युलरची जोडणी म्हणूनच चार्जिंग सुरू होण्याआधी करावी, साचलेल्या वायूत नव्हे. लिथियममध्ये याच क्षणिक प्रवाहामुळे बीएमएस वीज तोडतो आणि इन्व्हर्टर बिघडल्यासारखा वाटू शकतो. त्यानंतर कोणताही लोड न देता मेन्स चालू करून बॅटरी पूर्ण भरू द्यावी. १५० च्या ट्यूब्युलरला साधारण १५ अँपिअरने १० ते १२ तास लागतात.

एका गोष्टीवर तडजोड नाही. इन्व्हर्टरची वीज दोन टोकांना पिना असलेल्या वायरने घराच्या सॉकेटमध्ये सोडली, तर ती उलट्या दिशेने महावितरणच्या लाइनवर जाऊ शकते, आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. इन्व्हर्टरचे सर्किट आणि त्याचा न्यूट्रल वेगळाच काढून घ्यावा. न्यूट्रल मिसळला, की आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हाही वारंवार पडतो.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदी त्याच्या कितीतरी वर गेली. नदीकाठच्या सखल भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पन्नास किलोंहून जड, ॲसिडने भरलेली ट्यूब्युलर ऐन पावसात माडीवर कशी नेणार, याचा विचार आधीच करावा. तिला आडवी करता येत नाही. पंधरा किलोंच्या आत बसणारी लिथियम इथे, आणि हवेशीर बाल्कनी नसलेल्या फ्लॅटमध्ये, जास्तीचे पैसे वसूल करते. ज्यांच्याकडे चालू स्थितीतील जुना इन्व्हर्टर आहे, उंचावर हवेशीर जागा आहे आणि महिन्याकाठी पाणी तपासायला माणूस आहे, त्यांनी मात्र ट्यूब्युलरच घ्यावी आणि जुनी बॅटरी दुकानात परत द्यावी.