तार न धरणारं रेझिन

आमच्याकडे फणस कापायचा तर आधी हाताला आणि विळीला खोबरेल लावतात, नाहीतर चीक दोन दिवस सुटत नाही. रेझिनचं, म्हणजे हार्डनर मिसळला की कडक होणाऱ्या चिकट द्रवाचं, काम सुरू केलं तेव्हा मला तो चीकच आठवला. फक्त इथे तेलाची सोय नाही. तेलाचं बोट जरी लागलं तरी ओतलेल्या थरावर बारीक खळगे पडतात.

मी मालवणात घरच्या पडवीत काम करते. फणसाच्या लाकडाच्या चकत्या, किनाऱ्यावरची वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे घेऊन पेल्याखाली ठेवायचे कोस्टर, चावीची किचेन, दारावरच्या पाट्या बनवते. किल्ला आणि तारकर्ली बघायला येणारे लोक घेतात. कामात वैताग एकच, रेझिन तोलून कपात काढणं. बाटली सरळ केली तरी तोंडाला तार लोंबत राहते. ती वजनकाट्यावर पडते, काट्याची बटणं बसतात, झाकण असं चिकटतं की पक्कड घ्यावी लागते. एकदा हार्डनरची बाटली उघडताना निम्मी माझ्या गाऊनवर. मला स्वच्छ काम हवं होतं, आणि मी फसले ती नेमकी तिथेच.

गेल्या ऑक्टोबरात कुडाळच्या एका प्रदर्शनात जिल्ह्याबाहेरून आलेल्या एका विक्रेत्याचा स्टॉल होता. दोन कॅन, दोघांवर हँडवॉशच्या बाटलीला असतो तसा पंप. ‘ताई, काटा विसरा. रेझिनचे दोन दाब, हार्डनरचा एक.’ त्याने दाबून दाखवलं. धार कपात पडली आणि कात्रीने कापावी तशी थांबली. एक थेंब बाहेर नाही. मी अर्धा किलोचा नमुना घरी आणला, तो काट्यावर मोजून वापरला आणि झकास कडक झाला. नमुन्यातलं रेझिन काकवीसारखं दाट होतं आणि स्टॉलवरचं पातळ, हे मी विचारलंही होतं. उत्तर आलं, ‘पंपासाठीचा खास ग्रेड आहे.’ मला पटलं. पटवून घ्यायचंच होतं, असं आता वाटतं.

तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्यांची १२० कोस्टरची ऑर्डर होती, डिसेंबरच्या गर्दीआधी हवी होती. मी १५ किलोचा सेट मागवला: रेझिन १० किलो, हार्डनर ५ किलो, पंपासकट १०,५०० रुपये. पैसे यूपीआयने गेले, ते कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. बिल म्हणून साध्या कागदावर ‘एस्टिमेट’ लिहिलेलं. जीएसटी क्रमांक नाही. कॅनवर बॅच नंबर नाही, तारीख नाही. साबणाची वडी घेताना आपण तारीख बघतो, आणि इथे मी पंप किती छान चालतो ते बघत बसले.

पहिल्या दिवशी सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या खाजे करतात. आल्या-गुळाचा पाक कधी उतरवायचा ते त्यांना नजरेनेच कळतं. काडीवरून ओघळणारं रेझिन बघून म्हणाल्या, ‘गो, ह्येका तार खंय येता? ह्या तर पाणी.’ मी हसून म्हटलं, ‘आई, हे पंपाचं आहे.’

दुसरी खूण त्याहून मोठी होती. बुडबुडे घालवायला मी मोल्डवरून छोटा गॅस टॉर्च फिरवते. त्या दिवशी टॉर्च फिरवला आणि मोल्डच्या तोंडावर क्षणभर ज्योत धावली. मी दचकले, टॉर्च बाजूला ठेवला आणि पुढच्या मोल्डकडे वळले. चांगल्या इपॉक्सी रेझिनवरून टॉर्च झटपट फिरवला तर असं होत नाही. आत पेट घेणारं काहीतरी आहे, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. पडवीत लाकडाचा भुसा होता. जास्त काही झालं नाही ही आमच्या रवळनाथाची कृपा.

८४ कोस्टर ओतून झाले. चोवीस तासांनी नखाची खूण उठत होती. तीन दिवसांनीही उठत होती. काहींच्या मधोमध बशीसारखी खोलगट जागा झाली. मी स्वतःलाच दोष दिला: हवा दमट आहे, ढवळणं कमी झालं असेल. आठवडाभर कोस्टर उन्हात ठेवले. वरवर कडक वाटले, तसे पोचवले. तिसऱ्या दिवशी होमस्टेवाल्यांचा फोन. पाहुण्याने चहाचा पेला उचलला आणि कोस्टर पेल्यासोबत वर आला. चांगलं रेझिनही उकळत्या पेल्याखाली थोडं मऊ पडतं, पण असं पेल्याला लटकत नाही. सगळा माल परत आला.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला कोकणची हवा. मग म्हणाला तुम्ही नीट ढवळलं नाही. मग म्हणाला वरून आणखी एक कोट द्या, दोन किलो सवलतीत पाठवतो. चौथा फोन लागलाच नाही.

नमुन्याच्या बाटलीत थोडं रेझिन उरलं होतं, तेच कामाला आलं. सुई नसलेल्या सिरिंजने दोन्हीकडून ५०-५० मिली काढून वजन केलं. नमुना ५६ ग्रॅमच्या वर. इपॉक्सी रेझिन पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे हे बरोबर. कॅनमधलं ५३ ग्रॅमही भरेना. मग कॅनमधलं नुसतं रेझिन, हार्डनर न घालता, स्टीलच्या झाकणात २० ग्रॅम घेऊन ठेवलं. दोन दिवसांनी १७.९ ग्रॅम. नमुन्याच्या तशाच ठेवलेल्या झाकणाचं वजन हललं नव्हतं. रेझिन असं हवेत उडून जात नाही, ते पातळ करायला घातलेला थिनर जातो. म्हणजे तार धरत नव्हती ती थिनरमुळे, पंपाची धार कात्रीने कापल्यासारखी थांबायची तीही थिनरमुळेच, आणि कोस्टरच्या मधली खोलगट जागाही थिनर उडाल्याची.

पंपाचं ‘दोनास एक’ हेही अर्धसत्यच. कॅनवर २:१ वजनाने लिहिलं होतं, पंप देतो आकारमानाने. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो. चांगल्या रेझिनचाच हिशेब केला तरी १०० मिली साधारण ११३ ग्रॅम भरतं आणि ५० मिली हार्डनर जेमतेम ४८. लागणार होतं ५६. म्हणजे दर कपात हार्डनर कमी. शिवाय पंप नवा असला की पहिल्या दाबांत हवा येते, आणि दाट माल असेल तर दांडा पूर्ण वर यायच्या आत आपण पुन्हा दाबतो. पंप वाईट नसतो, मोठ्या कामाला सोयीचा असतो, पण दाब मोजून काटा बाजूला ठेवता येत नाही.

आता मी पुन्हा काट्यावरच मोजते, ०.१ ग्रॅमचा, त्याला पातळ प्लास्टिक गुंडाळून. बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवली की तार आपसूक बारीक होते. ओतताना बाटलीच्या तोंडाला काडी टेकवते, धार काडीवरून उतरते, आणि शेवटची तार काडीनेच तोडते. झाकण लावण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने तोंड पुसायचं, रेझिनचं कापड वेगळं, हार्डनरचं वेगळं. हातात नायट्रिलचे मोजे. सांडतं अजूनही, पण थोडं. आणि नवा कॅन आला की आधी ५० मिली तोलते, एक झाकण दोन दिवस ठेवते, मगच कामाला हात लावते.

तक्रारीचं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. विक्रेत्याने तिथे उत्तर दिलं की बाई धंदा करतात, त्या ग्राहक नाहीत. हे ऐकून अनेक जण गप्प बसतात, मीही बसणार होते. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक’ धरत नाहीत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं. यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, काट्यावरचे फोटो आणि ‘एस्टिमेट’चा तो चिठोरा एवढ्यावर अर्ज लिहिलाय. पैसे अजून आलेले नाहीत.

दहा किलोच्या आसपास माल उरला आहे. दोन्ही कॅनच्या झाकणांवर कागदी पट्टी चिकटवून सही केलीय आणि ते अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत, चुलीपासून लांब ठेवलेत. होमस्टेवाल्यांचे १२० कोस्टर मी जानेवारीत नव्या मालाने पुरे केले. पहिला कप ढवळताना सासूबाई पुन्हा दारात होत्या. काडी वर उचलून मी त्यांना तार दाखवली. ‘आता आली,’ म्हणाल्या आणि खाज्याच्या कढईकडे गेल्या.