कंपनी सरकारची बंदूक आणि ती विकणारं लिलावगृह

बंदूक घरी येऊन तीन आठवडे झाले. पार्सल उघडलं त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण तेव्हा हात थरथरत होता. आता डोकं शांत आहे. लिलावगृह दिल्लीतलं. त्यांच्याशी लेखी तक्रार चालू आहे, म्हणून नाव देत नाही.

मी ग्वाल्हेरचा, लष्करचा. आयटीआयमध्ये ३१ वर्षं फिटर ट्रेड शिकवला. आमच्या शहरात फौजेचे शब्द अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांचा तळ. कंपू म्हणजे कवायती पलटणी. जिन्सी म्हणजे तोफखान्याचा सरंजाम. 'कंपू, कंपू' असं सवारीसाठी ओरडणारा पोरगा महादजींच्या फौजेतला शब्द उच्चारतोय, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. १७८४ मध्ये द बॉयन्य हा युरोपियन लष्करी अधिकारी महादजींच्या चाकरीत आला आणि त्याने युरोपियन धर्तीच्या पलटणी उभ्या केल्या. आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली तोफा ओतल्या जात. हे सगळं वाचून झालं होतं. पण त्या काळच्या शिपायाच्या खांद्यावर नेमकं काय वजन होतं, ते मला स्वतःच्या हाताने तोलायचं होतं.

कॅटलॉगमध्ये लॉट होता: 'मराठा फौजेची चकमकीची बंदूक, असईच्या लढाईतील, १८०३'. अंदाजे किंमत ९०,००० ते १,२०,००० रुपये. फोटो बारा, आणि चांगले. लॉकचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या कळीचा, एक फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच दिल्लीचं तिकीट काढलं. लॉकवर सिंह होता, मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला. ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण. कंपनी आधी हृदयाच्या आकाराची व्यापारी खूण उठवत असे. सिंह आला तो १८०८ च्या सुमारास. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. म्हणजे फोटोच सांगत होता की ही बंदूक असईला असणं शक्य नाही.

बंदुकी बघायच्या दिवसाबद्दल मात्र या लिलावगृहाला पैकीच्या पैकी गुण. असा मोकळेपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. लांब टेबलं, त्यांवर जाड नमदा, उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड. टेबलाजवळच्या मुलीला मी म्हटलं, "बेटा, लॉक उघडून बघायचंय." ती साहेबांना विचारून आली, "अंकल, उघडा, पण माझ्यासमोर." स्क्रू-ड्रायव्हर मी घरूनच नेला होता, जुन्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात, म्हणून त्याचं टोक कानशीने घासून पातळ केलेलं. दोन स्क्रू काढले की लॉक हातात येतं.

आत जे दिसलं त्यासाठीच मी बोली लावली. त्या काळी सुटे भाग एकासारखे एक नसत. कारागीर एकेक भाग कानशीने घासून जोडीला बसवायचा आणि अदलाबदल होऊ नये म्हणून आतल्या बाजूला खुणा करायचा. इथे स्प्रिंगवर, लॉकच्या पट्टीवर आणि दस्त्याच्या खोबणीत त्याच तीन रेघा होत्या. म्हणजे लॉक आणि लाकूड पहिल्यापासून एकमेकांचे. घोडा मात्र नंतरचा. त्याच्या मानेखाली ओतकामाची शिवण बोटाला लागत होती, आणि त्याच्या स्क्रूचे आटे एकसारखे, म्हणजे यंत्रावर पाडलेले. नळीची लांबी टेपने मोजली: ३९ इंच. बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, पाऊण इंच. इंग्रजांची 'इंडिया पॅटर्न' म्हणतात ती हीच. गोळी बोअरपेक्षा बारीक असायची, म्हणून घाईत ठासता येई आणि म्हणूनच लांबचा नेम बसत नसे. सगळी भिस्त पलटणीने एकदम झाडलेल्या फैरीवर. पुस्तकात हे वाक्य वीस वेळा वाचलं असेल. त्या नळीत बोट घातल्यावर खरं कळलं.

एक गोष्ट इथे सविस्तर लिहितो, कारण ती जिवाशी संबंधित आहे. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायची, कुठलीही बंदूक हातात घेतली की आधी ती भरलेली नाही ना हे बघायचं. लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडायची, तोंडाशी खूण करायची, मग काठी नळीच्या बाहेरून धरून टोक कुठे येतं ते पाहायचं. ते कानाजवळ, म्हणजे नळीच्या तळाशी दारू पेटवायच्या छिद्राजवळ, यायला हवं. माझ्या लॉटची काठी बरोबर आली. शेजारच्या टोपीच्या (चकमकीऐवजी स्फोटक टोपीने पेटणाऱ्या) बंदुकीची चार बोटं अलीकडेच अडली. कोरडी राहिलेली जुनी काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेऊ शकते, आणि ती बंदूक सकाळपासून लोक एकमेकांच्या तोंडाकडे रोखून बघत होते. मी मुलीला सांगितलं. तिने तिथल्या तिथे सगळ्यांना बाजूला केलं, पाच मिनिटांत लॉट काढून घेतला आणि परवानाधारक बंदूकसाजाला फोन केला. चूक मोठी होती. वागणं सरळ होतं. दोन्ही लिहायलाच हवं.

असईचं मी त्यांना लेखी कळवलं. लिलावाच्या दिवशी निवेदकाने ते वाक्य वगळलं, पण छापील कॅटलॉग तसाच राहिला आणि समोरच्या रांगेतले दोघे 'असई, असई' करत भाव चढवत होते. मला १,२०,००० च्या वर जायचं नव्हतं. हातोडा १,४०,००० ला पडला. त्यावर १५ टक्के खरेदीदाराचं कमिशन म्हणजे २१,०००, त्यावर जीएसटी, आणि पॅकिंग-वाहतुकीचे ६,५०० वेगळे. कमिशन कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. बोली ठरवताना ते धरूनच ठरवा.

कागदपत्रं चोख. 'जुनी आहे, तिला कसला परवाना' हे बाजारात सर्रास ऐकू येतं, ते खरं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त हत्याराला, आणि तीही ते दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. चालू शकणारी ठासणीची बंदूक त्यात बसत नाही. या बंदुकीचा कान आतून वेल्डिंगने बुजवलेला होता आणि तसा बंदूकसाजाचा दाखला त्यांनी बोलीआधीच दाखवला. त्याची प्रत मी इथे कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत देऊन पोच घेतली. न्यू जर्सीचा भाचा म्हणाला, "मामा, मला पाठव ना ती." त्यालाही सांगितलं, शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही.

आता तक्रार.

पेटी उत्तम होती. प्लायवूडची, आत फोमचे कापे, कोपऱ्यांना पत्रा. झाकण उघडलं आणि सौ. म्हणाली, "अहो, ही तीच आहे का?" दिल्लीला मी पाहिलेली नळी काळपट तपकिरी होती, चिंचेच्या जुन्या खोडासारखी. पेटीतली स्टीलच्या नळासारखी चमकत होती. कोणीतरी तारेच्या चाकावर धरली होती. मी बेंचवर ३१ वर्षं काढली आहेत. चाकाच्या आडव्या रेघा मला दुरून दिसतात. कानाजवळ नळीच्या डाव्या अंगाला चाचणीचे, म्हणजे नळी तपासून पास केल्याचे, दोन ठसे होते. बघायच्या दिवशी त्यातला मुकुट स्पष्ट होता. आता एकाची नुसती सावली उरली आहे.

फोन केला तर म्हणाले, "सर, हम तो सबके लिए क्लीन करके भेजते हैं." पुढे असंही म्हणाले की फौजेत या नळ्या चकचकीतच ठेवत. हे खरं आहे. शिपाई विटेच्या भुकटीने नळी घासत आणि ती उन्हात आरशासारखी दिसे. पण तो चकचकीतपणा शिपायाच्या हाताचा होता. त्यावर दोनशे वर्षांत जो थर चढला, तो ती बंदूक कुठे, कशी पडून राहिली याचा एकमेव साक्षीदार होता. माझी बंदूक २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूरला किंवा पनिहारला होती का? एकाच दिवशी या दोन लढायांत आमची ग्वाल्हेरची फौज मोडली, आणि जिंकलेल्या तोफांचं ब्राँझ वितळवून इंग्रजांनी आपल्या शिपायांसाठी पदकाचे तारे पाडले. ही बंदूक तिथे होती असं मी कधीच म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण उद्या कोणाला शोधायचं झालं, तर सगळ्यात आधी ठसेच बघितले जातात. ते पाच मिनिटांत गेले.

त्यांनी पॅकिंगचे ६,५०० परत केले आणि बंदूक परत घ्यायची तयारी दाखवली. परत दिली नाही. लॉकचा सिंह त्यांनी सोडला होता आणि आतल्या तीन रेघा जशाच्या तशा आहेत. माझी मागणी कमिशनच्या निम्म्या रकमेची आणि लेखी कबुलीची आहे. तिचं उत्तर आलेलं नाही.

तरीही वस्तू समोर ठेवून, लॉक उघडू देऊन, दाखला आधी हातात देऊन विकणारी जागा मला हीच माहीत आहे. पाचपैकी तीन तारे. दोन कापले ते त्या चाकासाठी. नळीला आता हलकं मशीन ऑइल देऊन सुती कापडाने पुसतो, लाकडाला काहीच लावत नाही.

पुढच्या कॅटलॉगमध्ये तोड्याची (जळत्या वातीने पेटणारी) एक बंदूक आहे, नळीवर फारसी अक्षरं दिसतात. मी त्यांना कळवलं आहे: बोली लागली तर नळीला, लाकडाला, पितळेला कसलाही पॉलिश, तेल किंवा चाक लागता कामा नये, आणि पेटी बंद करताना फोटो काढून पाठवायचा. यावर त्यांचा होकार लेखी आला, तरच तिकीट काढेन.