चंदीगडचं रॉक गार्डन, एकदा तरी बघाच
दिवाळीच्या सुट्टीत जळगावहून चंदीगडला गेलो होतो, तिथलं रॉक गार्डन बघितलं आणि खरंच लय भारी वाटलं. नेकचंद नावाच्या रोड इन्स्पेक्टरने १९५७ च्या सुमारास जंगलात गुपचूप काम सुरू केलं, १९७६ ला ते सगळ्यांसाठी उघडलं, आणि मटेरियल काय तर फुटक्या बांगड्या, तुटलेल्या कपबशा, टाइल्स, जुने सॉकेट! बांगड्यांच्या बाहुल्या जवळ जाऊन बघा, अंगभर नुसते रंगीत काचांचे तुकडे, रांगेने उभ्या आहेत, माय तर तिथून हलेचना. दरवाजे मुद्दाम बुटके ठेवलेत, वाकूनच जावं लागतं, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी जरा सांभाळून. पोरांना नक्की न्या, फोटोत यातलं निम्मंही येत नाही.