टामियाचे एक्सएफ रंग, इंदूरच्या हवेत

गेल्या पावसाळ्यापासून रणगाड्यांच्या मॉडेलवर टामिया या जपानी मॉडेल-कंपनीचे एक्सएफ (म्हणजे बिनचमकीच्या) मालिकेतले ॲक्रिलिक रंग वापरतो आहे. मॉडेल सगळी १:३५ ची, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाची, दुसऱ्या महायुद्धातली. आता उन्हाळा लागलाय, म्हणजे इंदूरचे तिन्ही ऋतू या बाटल्यांनी पाहिले.

आधी हाताळणीचं. एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायच्या पेनसाठी, याहून सोपा रंग मला मिळालेला नाही. एक भाग रंग, एक ते दीड भाग थिनर, दाब १५ ते १८ पीएसआय, बस्स. कंपनीचा एक्स-२०ए थिनर उत्तमच, पण रोजच्या कामाला दवा बाजारातून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. एप्रिल-मेमध्ये मात्र ते नको. पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठणठणीत. फवारा प्लास्टिकवर पोचायच्या आतच सुकतो आणि अंग खरखरीत येतं. रिटार्डरचे (रंगाचं सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-चार थेंब टाका, नाहीतर सरळ पहाटे बसा. ब्रशने मोठे भाग रंगवणाऱ्यांनी या रंगांच्या वाटेला जाऊ नये. दुसरा हात पहिल्याला उचलतो; अल्कोहोलवर पातळ होणाऱ्या रंगाचा तो स्वभावच. ब्रशसाठी वायेहो (Vallejo) कंपनीचे रंग घ्या.

आता मुख्य मुद्दा: रंग ‘खरे’ आहेत का?

जर्मन राखाडी, म्हणजे एक्सएफ-६३, बराच जवळ जातो. मूळ रंग आरएएल (जर्मनीचा प्रमाण रंगतक्ता) ७०२१, त्या काळचा क्रमांक ४६. हा रंग आजच्या आरएएल तक्त्यातही आहे, त्यामुळे पडताळून बघता येतो. पण बाटलीतून थेट मारला तर पँझर ३ हा जर्मन रणगाडा काळाच दिसतो. मी दहावा हिस्सा पांढरा घालतो. नमुन्याशी जुळतोय तर पांढरा कशाला, असं मित्र विचारतात. अरे, नमुना साडेपाच मीटरच्या गाडीचा आहे, माझी गाडी वीतभर! एवढ्याशा अंगावर तोच रंग जास्त गडद दिसतो. आणखी एक. पोलंडच्या मोहिमेतली गाडी करत असाल तर नुसता राखाडी पुरत नाही. १९४० च्या मध्यापर्यंत एक तृतीयांश भाग गडद तपकिरी असायचा. कृष्णधवल फोटोत हे दोन रंग एकमेकांत मिसळून जातात, म्हणून तपकिरी कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच आला नाही.

खरी गंमत गडद पिवळ्याची. फेब्रुवारी १९४३ मध्ये हुकूम निघाला आणि जर्मन गाड्यांचा मूळ रंग पिवळा झाला, आरएएल ७०२८. त्यावर ऑलिव्ह हिरवा आणि लालसर तपकिरी हे रंग पेस्टच्या रूपात तुकड्यांना मिळत. ते पेट्रोलमध्ये नाहीतर पाण्यात कालवून गाडीवर मारायचे. कुणी दाट मारला, कुणी पातळ. आजच्या आरएएल तक्त्यात ७०२८ नाहीच. मग एक्सएफ-६० बरोबर की चूक, हे ठरवणार कशावरून? पिठल्यात हळद किती, यावर जसं दोन घरांचं जमत नाही, तसंच या पिवळ्याचं आहे. माझ्या डोळ्याला एक्सएफ-६० जरा मळकट वाटतो. तीन भागांत एक भाग एक्सएफ-५७ बफ (फिकट पिवळसर) घातला की तो उजळतो आणि १९४३ च्या पँझर ४ ला शोभतो. हिरवे-तपकिरी पट्टे मुद्दाम पातळ ठेवतो, कडा विरलेल्या. हा रंग ट्यूबलाइटखाली पारखू नका. दिवसा, उत्तरेच्या खिडकीशी बघा.

ऑलिव्ह ड्रॅबसाठी एक्सएफ-६२ आहे. चांगला आहे, पण मी आता तो घेत नाही. अमेरिकी सैन्याचा हा रंग मुळात पिवळ्या मातीचं रंगद्रव्य आणि काळं मिळून होई. तेच इथेही करता येतं: पिवळा एक्सएफ-३, काळा एक्सएफ-१, वर थोडा बफ. काळ्या-पिवळ्यातून हिरवट छटा वर येते तेव्हा मजा येते, आणि दर वेळी थोडी वेगळी येते हेही बरंच. १९४४ मध्ये ब्रिटिशांनीही आपला तपकिरी सोडून ऑलिव्ह ड्रॅब घेतला, म्हणजे अमेरिकेहून आलेले शर्मन रणगाडे पुन्हा रंगवायला नकोत.

माझा लाडका प्रकल्प माटिल्डा, हा ब्रिटिश रणगाडा. डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तमधल्या निबेवा या इटालियन छावणीवर चौथ्या भारतीय डिव्हिजनबरोबर गेलेल्या माटिल्डा तिरक्या पट्ट्यांच्या ‘कॉन्टर’ (Caunter) नावाच्या रंगसंगतीत दाखवतात. त्यातला एक पट्टा अनेक ठिकाणी आकाशी निळा रंगवलेला दिसतो. तो निळा नव्हे. सिल्व्हर ग्रे क्रमांक २८ हा हिरवट राखाडी आहे. एक्सएफ-२१ स्कायमध्ये थोडा राखाडी मिसळून मी भागवतो. तयार बाटली या मालिकेत नाही, इथे गुण कापतो. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये माटिल्डा बघायला जरूर जा (नगर आता अहिल्यानगर, इंदूरकरांना वेगळं सांगायला नको), पण रिव्हेट आणि चाकं बघायला. उघड्यावर ठेवलेल्या गाड्यांना पुन्हा पुन्हा रंग लागतो, त्यावरून छटा ठरवू नये.

इंदुरात मी सगळं मागवूनच घेतो. एका विक्रेत्याने पाठवलेल्या पार्सलात दोन बाटल्या गळलेल्या निघाल्या, तेव्हा मागवताना झाकणावर टेप लावून पाठवा असं आधीच कळवा. एक्सएफ-६० आणि बफ २३ मिलीचे घ्या, ते झपाट्याने संपतात. बाकीचे १० मिलीचे वर्षभर पुरतील.