भाजीपाला वाळवायचं मशीन: अख्खा सीझन वापरून झाल्यावरचा अनुभव

घरी भाजीपाला लावणाऱ्यांना माहितीये, रोपं काही आपल्या सवडीने पीक देत नाहीत. आधी किती आठवडे दोन-चार टोमॅटो हाताला लागतात, आणि मग एकदम रोज टोपली भरायला लागते, आणि नेमकं तेव्हाच मुलांच्या परीक्षा, ऑफिसची गडबड, घरात कोणीतरी आजारी. म्हणून हा रिव्ह्यू मशीन दिसतं किती छान याचा नाहीये, पाच-सहा माणसांच्या धावपळीच्या स्वयंपाकघरात ते खरंच उपयोगी पडतं का एवढंच सांगायचंय. माझं मत आधीच सांगते: पडतं, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ते आपली वाट बघतं. सॉस आटवायला घेतला की गॅसपाशी उभं राहायलाच लागतं, ड्रायरमध्ये ट्रे सरकवला की तुम्ही मोकळे, आणि आज एकच ट्रे भरला तरी काही बिघडत नाही.

आमचं मशीन साधारण 600 वॉटचं आहे, फॅन मागच्या बाजूला, स्टीलचे ट्रे आणि समोर दार. दुसरा प्रकार असतो तो एकावर एक गोल ट्रे रचायचा, त्यात बऱ्याचदा हीटर आणि फॅन खाली असतात, मग खालचे ट्रे आधी वाळतात, वरचे ओले राहतात आणि मधून मधून खालीवर करत बसावं लागतं. शिवाय खालच्या ट्रेला टोमॅटो आणि वर पुदिना ठेवला तर वास एकमेकांत मिसळतात. मागे फॅन असला की हवा सगळ्या ट्रेवरून आडवी जाते आणि हा त्रास बराच कमी होतो. ज्या घरात दर दोन तासांनी ट्रे बदलायला कोणालाच वेळ नाही तिथे हा फरक फार मोठा आहे.

बाटल्यांत भरून का नाही ठेवत असं विचारतात. ठेवते की, पण टोमॅटोच फक्त, आणि तेही आंबटपणा नीट सांभाळून, म्हणजे साधारण अर्धा लिटरच्या बाटलीला एक टेबलस्पून बाटलीतला लिंबाचा रस, कारण टोमॅटोचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा वाढला की आंबटपणा कमी) सुरक्षित मर्यादेच्या, म्हणजे 4.6 च्या, आसपास असतो आणि कधी त्याच्या वरही जातो. घेवडा, गाजर, पालक, मका यांचा आंबटपणा तर कमीच असतो, आणि यांत बॉट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक सुप्त रूपं, उरले तर नुसत्या उकळत्या पाण्याने ते मरत नाहीत, त्याला खास प्रेशर कॅनर (भरलेल्या बाटल्या दाबाखालच्या वाफेत तापवायचं भांडं) आणि 116 अंशांच्या वरचं तापमान लागतं. रोजचा कुकर त्या कामाचा नाही, इथे प्लीज कोणी जुगाड करू नका. नीट वाळवलेल्या भाजीत जंतूंना वाढायला लागतं तेवढं पाणीच नसतं, त्यामुळे धावपळीच्या घरात मला हे जास्त निर्धास्त वाटतं. उन्हात वाळवणं फुकट आहे हे खरं, पण त्याला हवामान 30 अंशांच्या वर आणि दमटपणा 60 टक्क्यांच्या खाली असा सलग काही दिवस हवा, आणि भाजी ढगांकडे बघून पिकत नाही.

आता टोमॅटो, कारण मशीनचं अर्ध्याहून जास्त काम तेच. टोमॅटोत जवळजवळ 95 टक्के पाणी असतं, म्हणून किलोभर टोमॅटोचे वाळून जेमतेम मूठ-दोन मुठी होतात, पहिल्यांदा बघताना वाईट वाटतं पण बरणी उघडली की त्या वासाने सगळं भरून निघतं. मी 6 मिलिमीटरच्या आसपास चकत्या करते, साल खाली आणि गर वर, म्हणजे रस खालच्या ट्रेवर ठिबकत नाही. 57 अंशांवर रात्री लावायचं, सकाळी बघायचं, रसाळ जातीचे असतील तर दुपार होते. झालंय की नाही हे घड्याळ सांगत नाही, चकती थंड होऊ द्यायची (गरम असताना ती मऊच लागते, त्यावर जाऊ नका), मग मधोमध दुमडायची, घडीवर ओलसर चमक दिसली तर परत आत. चामड्यासारखी चिवट झाली की सूप-सॉससाठी तयार, आणि पावडर करायची असेल तर कडकडीत होईपर्यंत ठेवायची. पावडर मात्र थोडीथोडीच करा, ती हवेतला ओलावा लगेच ओढते आणि बरणीत दगड होतो.

घाई आहे म्हणून तापमान 70 वर नेऊ नका. बाहेरून पापुद्रा कडक होतो, आतलं पाणी आतच अडकतं, हाताला वाळल्यासारखं लागतं आणि बरणीत बुरशी धरते. इथेच माझी मशीनबद्दलची खरी तक्रार आहे. डिस्प्लेवर 57 दिसतं पण मधल्या ट्रेवर वेगळा थर्मामीटर ठेवला तर काटा बराच खाली असतो, दाराजवळ तर आणखी खाली. कंपनीला विचारलं तर एवढा फरक चालतो असं उत्तर आलं, जे मला अजिबात पटलेलं नाही, कारण तापमानच बरोबर नसेल तर लोकांनी पैसे कशाचे मोजले? कोणतंही मशीन घ्या, पहिल्याच दिवशी साधा ओव्हन थर्मामीटर आत ठेवून बघा आणि आपल्या मशीनचा आकडा किती खोटा आहे ते एकदा लिहून ठेवा.

घेवड्याच्या शेंगा उकळत्या पाण्यात 3 मिनिटं आणि लगेच गार पाण्यात, ही पायरी सोडायचीच नाही. भाजीतले एन्झाइम (तिचा रंग-चव बदलत नेणारे घटक) उष्णतेने थांबले नाहीत तर वाळलेल्या शेंगेतही ते हळूहळू काम करत राहतात, रंग उडतो आणि चव वाळल्या गवतासारखी होते. गाजरालाही तेच. कांदा, मिरची, टोमॅटोला याची गरज नाही. संध्याकाळच्या स्वयंपाकात एक शेगडी मोकळी असते तेव्हाच मी हे उरकून घेते, त्यासाठी वेगळा वेळ काढायला गेलं तर होतच नाही. मिरच्या अख्ख्या टाकू नका, साल मेणचट असते म्हणून आत ओल राहते, उभी चीर द्या आणि खिडकी उघडी ठेवा नाहीतर घरभर खोकला. कांदा नेहमी एकटाच, त्याच्या सोबत ठेवलेल्या सफरचंदाला जो वास लागतो तो जात नाही.

पुदिना 35 ते 40 अंशांवर सुंदर होतो, पानं हिरवी राहतात आणि चुरताना वास येतो. कोथिंबीर मात्र नकोच, तिचा वास वाळवताना उडून जातो आणि उरतो तो हिरवा भुसा, ती फ्रीझरमध्येच ठेवा. पालकाचा चुरा हे मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण, सूपमध्ये, पिठात, कशातही चमचाभर घातला तरी मुलं कुरकुर करत नाहीत.

एक गोष्ट मशीनच्या माहितीपुस्तकात दोन ओळींत संपवलीये पण माझ्या मते टिकणं-न टिकणं तिच्यावरच आहे. वाळवलेलं गार झालं की काचेची बरणी दोन-तृतीयांशच भरायची, घट्ट झाकण लावायचं आणि 7 ते 10 दिवस रोज हलवायची. काही तुकडे जास्त वाळलेले असतात, काही कमी, त्यांच्यातला ओलावा असा सगळीकडे सारखा होतो. काचेवर आतून थेंब किंवा धूसरपणा दिसला की सगळं परत ड्रायरमध्ये. हे काम आमच्या धाकट्याकडे आहे, शाळेत निघताना बरण्या खडखडवणं त्याला फार आवडतं आणि थेंब दिसला तर ओरडून सांगतो. नंतर लहान बरण्यांत भरून अंधाऱ्या थंड कपाटात ठेवते. मोठी बरणी सारखी उघडली की दरवेळी दमट हवा आत जाते. 15 अंशांच्या आसपास भाज्या साधारण सहा महिने नीट राहतात, जागा उबदार असेल तर तेवढ्या टिकत नाहीत, म्हणून झाकणावर तारीख लिहाच.

शिजवताना काय अनुभव? वाळवलेला घेवडा परत ताज्यासारखा होत नाही, नुसत्या परतलेल्या भाजीत तो चिवट लागतो, तशी अपेक्षाच ठेवू नका. सूप, पातळ भाजी, भात यांत मात्र मस्त. एक वाटीला दोन वाट्या पाणी, तासभर भिजू द्यायचं, दोन तासांहून जास्त ठेवायचं असेल तर फ्रीजमध्ये, आणि तेच पाणी शिजवायला वापरायचं. मीठ सुरुवातीला नाही, मिठाने भाजी पाणी ओढायला वेळ लावते. ऑफिसातून उशिरा आल्यावर चिरायचं काही नसतं, गाजर-घेवडा-टोमॅटो मुठीने काढून पातेल्यात, हा आराम मला फ्रीझरने कधी दिला नाही. वाळलेले टोमॅटो लसूण घालून तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची पद्धत दिसते, ती करू नका, बॉट्युलिझमचा धोका तिथेच परत येतो. खायच्या वेळी थोडेसेच तेलात घाला आणि उरलं तर फ्रीज.

फळांचा गर 3 ते 6 मिलिमीटर जाड पसरून 60 अंशांवर केलेल्या पोळ्या मुलांसाठी हिट आहेत. पसरताना कडेला जरा जाड ठेवा, कडा आधी वाळते.

आवाज छोट्या टेबलफॅनएवढा आहे, झोपायच्या खोलीजवळ नको. वीज, दहा तास सलग पूर्ण ताकदीने चाललं तर 6 युनिट, पण हीटर मधून मधून बंद होतो त्यामुळे प्रत्यक्षात कमी, तरी एखाद्या मुठीसाठी रात्रभर चालवणं मला पटत नाही, दोन-तीन ट्रे झाले की लावते. ट्रे धुणं कंटाळवाणं आहे, टोमॅटोचा गर जाळीत अडकतो, गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवले की निघतो.

कुंडीत चार रोपं असतील तर एवढं मोठं मशीन कशाला, खाऊनच संपेल. पण रोज टोपली येत असेल आणि ती संपवायला घरात कोणाकडे वेळ नसेल तर बिनधास्त घ्या, फक्त फॅन मागे असलेलं, ट्रेमधलं अंतर कमी-जास्त करता येणारं बघा, आणि ट्रेवर टाकायच्या बारीक जाळ्यांचा एक जादा सेट त्याच वेळी मागवा, पालक-पुदिन्याला लागतो आणि नंतर त्याच मापाचा मिळता मिळत नाही.