घरचं बटाट्याचं बेणं की जालंधरचं?

नोव्हेंबरची लागण जवळ आली की आमच्या चंदगड भागात हा विषय निघतोच, बेणं (लावायला ठेवलेला बटाटा) घरचं ठेवायचं का पंजाबातल्या जालंधरचं आणायचं. मी दोन्ही करून बसलोय.

घरच्याचा फायदा सांगायला नको. एकराला 10 क्विंटलच्या आसपास बेणं लागतंय, ते विकत घेताना हात आखडतोच. शिवाय घरचं म्हणजे डोळ्यादेखतचं, निदान मला तसं वाटायचं.

माझं बिनसलं ते इथं. खरिपाची काढणी झाली की मोठा माल पोती भरून बेळगावला नाहीतर कोल्हापूरला यार्डात, आणि लिंबाएवढे गोळे बेण्याला. कापायची कटकट नाही म्हणून मी खूश. पण व्हायरस लागलेलं झाड बारकाच बटाटा देतंय ओ, म्हणजे मी दर हंगामाला आजारी झाडांचीच पोरं निवडून निवडून लावत होतो! बटाटा बघून काय कळत नाही, वरनं गुळगुळीत. तिसऱ्या हंगामाला महिन्याभरात खालची पानं वर वळून द्रोणासारखी झाली, चुरगाळली की पापडागत कर्र वाजायची. आम्ही आधी पाणी दिलं, मग युरिया टाकला, दोन्ही फुकट. पाण्याचा ताण असता तर पट्टाच्या पट्टा मलूल पडला असता, हिथं एक झाड खुरटं ताठ आणि शेजारचं ठणठणीत. (शेंडा गोळा झाला तर ते पांढऱ्या माशीचं, पानावर पिवळे-हिरवे डाग आणि सुरकुत्या आल्या तर मोझॅक.)

औषध मारा की, असं सगळेच म्हणतात. पानं वळवणारा व्हायरस पसरवायला माव्याला, म्हणजे रस पिणाऱ्या बारक्या किडीला, झाडावर बराच वेळ बसावं लागतं, तिथं फवारणी थोडीफार कामाला येते. पण मोझॅकवाला व्हायरस, पीव्हीवाय (पोटॅटो व्हायरस वाय), मावा नुसता टोचून गेला तरी लागतो, औषधानं मरायच्या आधीच तो काम करून मोकळा. आणि लागलेलं झाड बरं होत नाही, बटाट्यासकट उपटायचं. हिरवं झाड उपटायला आमच्या घरात कुणाचा हात धजत नव्हता ते वेगळंच.

जालंधरकडं बेण्याचा प्लॉट ऑक्टोबरात लावतात आणि मावा वाढायच्या आत, 100 पानांवर 20 मावा दिसायला लागला की जानेवारीत पालाच कापून टाकतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं बसवलेली पद्धत ही. आपल्याकडं असा मावा नसलेला काळ सापडणं अवघड.

आता जालंधरचं म्हणून उतरलेला प्रत्येक ट्रक बेण्याचाच असतो असं नाही, एका वर्षी मला चक्क खायचा बटाटा मिळाला. तेव्हापासून पोत्याला प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग बघूनच पैसे देतोय. ज्याची सोय त्यानं बघावी, पण मी तरी दोन हंगामाच्या वर तेच बेणं फिरवत नाही.

आई अजून चार सऱ्या घरच्याच बेण्याच्या लावती. फक्त पाला हिरवा असतानाच ठणठणीत झाडाशेजारी काठी रोवून ठेवतोय, आणि त्या झाडाखालचा बटाटा मोठा निघाला तरी यार्डात जात नाही.