जावा ८ वरून कोटलिनवर: नऊ महिन्यांनंतर

आमच्या पुण्याच्या टीमचं बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, नऊ महिन्यांपूर्वी जावा या प्रोग्रामिंग भाषेवरून कोटलिन या दुसऱ्या भाषेवर न्यायचं ठरलं, तेव्हा माझा ठाम विरोध होता. जावा ८ वर हात बसला होता. २०१४ची आवृत्ती आहे, पण तिचे खाचखळगे पाठ होते.

पहिले दोन महिने जड गेले. कोटलिनच्या फाइलीत आम्ही जावाच लिहीत होतो. बिल्डही, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणंही, हळू. (कोटलिनचा के२ कंपायलर घेतल्यावर वेग बराच सुधारला.)

पटलं ते एका प्रश्नचिन्हामुळे. एखादी व्हॅल्यू नल, म्हणजे रिकामी, असू शकत असेल, तर इथे टाइपपुढे प्रश्नचिन्ह लावावं लागतं, आणि ती न तपासता वापरली तर कोड कंपाइलच होत नाही. संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६५ साली नल रेफरन्स आणला आणि २००९ मध्ये स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मला ती चूक रात्री अडीचला फोनवर भेटायची. ग्राहकाच्या पत्त्यातलं शहर काढणारी एक ओळ होती, तीन गेटर (माहिती काढून देणारी फंक्शन्स) एकापुढे एक. लॉगमध्ये फक्त नलपॉइंटरची एरर (नल व्हॅल्यू वापरल्याची) आणि ओळीचा नंबर. तिघांतलं रिकामं कोण, ते शोधेपर्यंत उजाडायचं. ऑन-कॉलच्या, म्हणजे बिघाडाला रात्रीही उठायच्या पाळीच्या, आठवड्यात बायको उशी घेऊन दुसऱ्या खोलीत झोपायची.

गेल्या चार महिन्यांत या कारणाने एकदाच उठलो. तेही जुन्या जावा लायब्ररीतून आलेल्या व्हॅल्यूमुळे, कारण जावाच्या बाजूला अ‍ॅनोटेशन (व्हॅल्यू नल असू शकते की नाही हे सांगणारी खूण) नसेल तर कोटलिन तिथे नलची सक्ती करत नाही. नव्याने येणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवा.

मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. बिलिंगचं मॉड्यूल कंपनीने जावा ८ वरच ठेवलं आणि दोघांना त्यावर बसवलं, न विचारता. त्यातली एक माझ्या शेजारी बसायची, सात वर्षांचा अनुभव. गेल्या महिन्यात तिने राजीनामा दिला. पगाराची तक्रार नव्हती. "इंटरव्ह्यूत सांगायला माझ्याकडे नवीन काहीच उरलं नाही रे," म्हणाली. आमच्या डेमोच्या दिवशी ती जागेवरून उठून जायची, ते का, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

बिलिंग आता माझ्याकडे आलंय. मी मॅनेजरना एकच अट घातली: नवीन फाइल कोटलिनमध्येच. दोन्ही भाषा एकाच प्रोजेक्टमध्ये नांदतात, जुन्याला हात लावावा लागत नाही. पाच मिनिटांत होकार मिळाला. तिला हे कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही.